ताट वेगळं करण्याआधी वहिनींची तपासणी

प्रश्न असा आहे: "माझ्या मोठ्या भावाला महिन्यापूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं. घरात आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी, मी आणि माझी बायको. बायको पाच महिन्यांची गरोदर आहे. दादाचं ताट, टॉवेल, अंथरूण आम्ही वेगळं केलं आहे. संडास मात्र एकच आहे. घरातल्या घरात हा आजार कुणाला लागू शकतो? पुतणी बाबांजवळच झोपायचं म्हणून रोज रडते, तिला काय सांगायचं?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ताट, टॉवेल, अंथरूण, संडास, सगळं त्यात आलं. वहिनींची तपासणी झाली का, हे मात्र कुठेच सापडलं नाही. एचआयव्हीच्या रुग्णांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि घराघरांत मी हेच बघत आलो. भीती असते, काळजीही असते, पण ती नको त्या जागी खर्च होते.

एक रुग्ण आठवतात. माझ्यासमोर बसून गोळी घ्यायची म्हणून त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला. पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. कशासाठी, विचारलं, तर म्हणाले, "घरात माझा कुठला ते ओळखू यावं म्हणून." दोन वर्षं ते त्याच पेल्याने पाणी पीत होते. त्या दोन वर्षांत त्यांच्या पत्नीची एकदाही तपासणी झाली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्या आल्या, तेव्हा त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि प्रतिकारशक्ती बरीच खाली गेलेली निघाली. पेल्यावर ठिपका लावायची आठवण ज्यांना झाली, त्यांना तपासणीचं कुणी सांगितलंच नव्हतं, हा दोष मी आम्हा वैद्यकीय मंडळींकडेही धरतो.

आता मुद्द्यावर येतो. हा विषाणू रक्तात, वीर्यात, योनीतल्या आणि गुदद्वारातल्या स्रावात आणि आईच्या दुधात दुसऱ्याला लागण होईल इतक्या प्रमाणात असतो. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून तो पसरत नाही. बरं, नुसता बाहेर पडून भागत नाही. त्याला दुसऱ्याच्या शरीरात नेमक्या पेशींपर्यंत पोहोचावं लागतं, म्हणजे शरीरसंबंधातून, सुईने थेट रक्तात, उघड्या जखमेतून, किंवा बाळाच्या बाबतीत गर्भात, प्रसूतीत आणि दुधातून. धडधाकट कातडीतून तो आत शिरत नाही. शरीराबाहेर त्याची वाढ होत नाही, रक्त वाळलं की काही तासांत त्याची ताकद बहुतांशी संपते, आणि साबणाने त्याचं चरबीचं आवरण फुटतं. त्यामुळे ताट, पेला, टॉवेल, अंथरूण, संडास, बादली, मिठी, खोकला, डास यांतल्या कशानेही घरात कुणाला एचआयव्ही होत नाही.

हे तपासूनही झालं आहे. १९८६ साली न्यूयॉर्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा या आजारावर धड औषध नव्हतं, म्हणजे रुग्णांच्या शरीरात विषाणू भरपूर होते. ३९ एड्सरुग्णांच्या घरातली १०१ माणसं तपासली गेली. ती रुग्णाचे जोडीदार नव्हती, पण महिनोन्‌महिने एका छपराखाली राहिलेली होती. एकच संडास, एकच भांडी, एकच अंथरूण, काहींचे तर टूथब्रशही सामाईक. त्या १०१ जणांत एकालाच लागण झालेली सापडली, पाच वर्षांच्या एका मुलाला, आणि त्यालाही बहुधा ती जन्माच्या सुमारास आईकडूनच झालेली होती. आज तर औषधं आहेत. दादांचं ताट इतर ताटांत परत ठेवा, याहून जास्त या विषयावर सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

वहिनींबद्दल मात्र पुष्कळ सांगायचं आहे.

घरातल्या घरात लागण होण्याचा सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे नवरा-बायकोचा शरीरसंबंध. एका वेळच्या संबंधातून लागण होण्याची शक्यता लोकांना वाटते त्याहून कमी असते. पुरुषाला एचआयव्ही आहे, औषध सुरू नाही, निरोध नाही, अशा योनिसंबंधात बाईला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. गुदसंबंधात ती कितीतरी पटींनी वाढते. पण हे आकडे एका वेळचे झाले, आणि संसार वर्षानुवर्षांचा असतो. शिवाय नव्याने लागण झालेल्या माणसाच्या रक्तात पहिल्या काही आठवड्यांत विषाणू प्रचंड असतात, अंगावर जखम किंवा गुप्तरोग असला तरी शक्यता वाढते. म्हणूनच काही जोडपी दहा-दहा वर्षं एकत्र राहूनही एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह निघतात, तर काहींना पहिल्याच महिन्यात लागण होते. "मला व्हायचा असता तर एव्हाना झाला असता," असं म्हणत निर्धास्त राहिलेले जोडीदार मी पाहिले आहेत. त्यातले काही पुढे पॉझिटिव्ह झाले.

तेव्हा वहिनींची तपासणी या आठवड्यातच करा. निगेटिव्ह आली तर देवाची कृपा म्हणून फाइल बंद करू नका. लागण झाल्यानंतर तपासणीत ती दिसायला वेळ लागतो. शिरेतलं रक्त घेऊन केलेल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत, म्हणजे विषाणूचा अंश आणि अँटीबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) दोन्ही शोधणाऱ्या चाचणीत, साधारण ४५ दिवसांपर्यंत कळतं, बोटातल्या थेंबावरच्या, फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या साध्या चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. शेवटच्या असुरक्षित संबंधापासून तीन महिने मोजून पुन्हा एकदा तपासणी करायची. असा संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील, तर लागण टाळायची औषधं २८ दिवसांसाठी देता येतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी. त्यासाठी सकाळची वाट बघू नये, रात्री कळलं तर रात्रीच निघावं.

वहिनी निगेटिव्ह असतील, तर यापुढे त्यांना सुरक्षित ठेवणारी सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे दादांच्या गोळ्या. कुटुंबीयांना मी हे पुन्हापुन्हा सांगतो, कारण ऐकणाऱ्याला ते पहिल्यांदा खरं वाटत नाही. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या रोज न चुकता घेतल्या, तर बहुतेकांच्या रक्तातले विषाणू सहा महिन्यांच्या आत इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. रक्तात विषाणू सापडत नसलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, ज्यांचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये आले, अशा जोडप्यांच्या निरोधाशिवायच्या लाखाहून अधिक संबंधांची नोंद झाली, आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही प्रकरण निघालं नाही. एकही नाही. मात्र तिथपर्यंत पोहोचायला काही महिने जातात आणि पोहोचलो आहोत हे व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातले विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवरूनच कळतं, अंगावर मांस चढलं म्हणून नाही. तोवर निरोध वापरायचा, आणि वहिनींना संरक्षणाची गोळी, जिला प्रेप म्हणतात, देता येईल का हे डॉक्टरांना विचारायचं. गोळ्या मध्येच सोडल्या तर विषाणू काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो.

वहिनी पॉझिटिव्ह आल्या तर एक गोष्ट आधीच मनात पक्की करून ठेवा. "कुणी आणला?" हा प्रश्न घरात उठेल. ज्याची तपासणी आधी झाली त्याला आधी लागण झाली, असं रिपोर्टवरून अजिबात सांगता येत नाही. गरोदरपणात तपासणी होते म्हणून कित्येक घरांत बाईचं निदान आधी होतं, आणि तेवढ्यावरून खापर तिच्या डोक्यावर फुटतं. नवऱ्याची तपासणी व्हायच्या आधी बायकोला माहेरी पाठवून दिलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या घरी हे होऊ देऊ नका, तुम्ही धाकटे असलात तरी यात तुमचा शब्द चालेल.

आता पुतणी. बाळाला हा विषाणू वडिलांकडून थेट येत नाही. एचआयव्ही रक्ताच्या नात्याने उतरत नाही, आणि आईला लागण झालेली नसेल तर पोटातल्या बाळालाही होत नाही. म्हणून पहिली तपासणी वहिनींची. त्या खात्रीने निगेटिव्ह निघाल्या तर मुलीची काळजी मिटली. त्या पॉझिटिव्ह निघाल्या तर मात्र मुलीची तपासणी त्याच दिवशी, मग ती कितीही खेळती-हसती असो. जन्मतः लागण झालेली काही मुलं दहा-बारा वर्षांपर्यंत फारशी आजारी न पडता वाढतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

इथे एक फसवी जागा आहे. "गरोदरपणात वहिनींची चाचणी निगेटिव्ह होती, म्हणजे मुलीला धोका नाही," असं कुणीतरी नक्की म्हणेल. पण आईला लागण बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही होऊ शकते. नव्याने झालेली लागण म्हणजे शरीरात विषाणूंचा पूर, आणि तो दुधातही उतरतो. गरोदरपणीचा जुना निगेटिव्ह रिपोर्ट अशा वेळी कामाचा नाही.

तुमच्या पत्नीला आणि पोटातल्या बाळाला दादांपासून कसलाही धोका नाही. त्यांनी दादांचे कपडे धुतले, त्यांच्या ताटातलं उरलेलं खाल्लं, त्यांच्या नंतर संडासात गेल्या, तरी नाही. दादांना एचआयव्ही आहे म्हणून नव्हे, तर प्रत्येक गरोदर बाईची होते तशी त्यांची एचआयव्हीची तपासणी झाली असेलच. नसेल तर करून घ्या, आणि स्वतःचीही करा. गरोदर बाईला एचआयव्ही असला आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर गर्भात, प्रसूतीत आणि दुधातून मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं. आईला वेळेवर गोळ्या आणि बाळाला जन्मानंतर औषध मिळालं, तर हेच प्रमाण पाचाच्या खाली येतं, आणि प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू सापडत नसतील तर एकाच्याही खाली. अंगावर पाजण्याबद्दल एक बारकावा: आईच्या रक्तात विषाणू सापडत नसला तरी दुधातून लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते, जोडीदाराच्या बाबतीत जशी ती शून्य होते तशी इथे होत नाही. त्यामुळे पाजायचं की वरचं दूध द्यायचं, हे त्या आईची परिस्थिती बघून डॉक्टरांसोबत ठरवावं. शेजारणीच्या सांगण्यावरून ठरवू नये. अशा बाळाची चाचणीही वेगळी असते. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत रेंगाळतात, त्यामुळे साधी चाचणी लागण नसतानाही पॉझिटिव्ह दाखवते. सहा आठवड्यांच्या सुमारास विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर चाचणी करतात. साध्या चाचणीच्या रिपोर्टवरून पार कोलमडून पडलेले आई-बाप माझ्याकडे आले आहेत, आणि त्यांचं मूल पुढे निगेटिव्ह निघालं आहे.

नवरा-बायको आणि आई-मूल हे दोन रस्ते सोडले, की उरतं रक्त. घरात रक्तातून लागण झाल्याची उदाहरणं जगभरात मोजकी आहेत, पण आहेत. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या दोन भावांमध्ये दाढीचं एकच ब्लेड वापरल्यामुळे लागण झाली असावी, असं अमेरिकेतलं एक प्रकरण १९९३ मध्ये नोंदलं गेलं. तिथेच तीन लहान मुलांना मोठ्या माणसाने चावून मऊ केलेला घास भरवल्यामुळे लागण झाल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. दोष घासाचा किंवा लाळेचा नव्हता, हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताचा होता. म्हणून घरात खरोखर वेगळ्या ठेवायच्या वस्तू चारच: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, सुई आणि साखर तपासायची टोचणी. आणि त्या प्रत्येकाच्याच वेगळ्या असाव्यात, एकट्या दादांच्या नव्हे. कारण रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताचे आजारसुद्धा पसरतात, आणि बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो. आई-बाबांपैकी दोघांनाही मधुमेह असेल आणि एकाच टोचणीने दोघांची साखर तपासली जात असेल, तर दादांच्या पेल्यापेक्षा त्या टोचणीकडे आधी बघा. इन्शुलिनचं पेनसुद्धा ज्याचं त्याचं असावं, सुई बदलली तरी. घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर तीही टोचून घ्या. एचआयव्हीवर लस नाही, याच्यावर आहे.

दादांना कापलं आणि रक्त सांडलं तर घाबरून पळू नका. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. फडक्याने रक्त टिपून घ्या. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्या जागेवर दहा मिनिटं राहू द्या आणि पुसून काढा. रक्ताचे कपडे साध्या साबणाने धुतले तरी पुरतं. तुमच्या हातावर उघडी जखम असेल तर पट्टी लावा. चुकून त्यांच्या रक्ताची सुई टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडाने चोखू तर अजिबात नका. अशा टोचण्यातून लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, तीही विषाणू भरपूर असलेल्या रक्ताची. तरी वर सांगितलेल्या ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा.

एका बहिणीने आपल्या अंथरुणाला खिळलेल्या भावाच्या पाठीवरच्या जखमा आठ महिने रोज धुतल्या. मी तिला हातमोजे कसे काढायचे ते शिकवलं होतं, आतली बाजू बाहेर करत, मनगटाकडून बोटांकडे. ती ते इतकं सफाईने करायची की पुढे आमच्या नवीन परिचारिकांना मी तिलाच दाखवायला सांगितलं. तिची चाचणी आम्ही तीनदा केली, तिच्याच समाधानासाठी. तिन्ही निगेटिव्ह.

क्वचित असंही होतं, की मूल पॉझिटिव्ह निघतं आणि आई निगेटिव्ह. अशा वेळी घरातले लगेच भांड्यांवर, मिठीवर येतात. तसं कधीच नसतं. एक तर मुलाला कुठेतरी वापरलेल्या सुईने इंजेक्शन दिलेलं असतं किंवा दूषित रक्त चढवलेलं असतं. पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या रतोदेरो इथे २०१९ मध्ये शेकडो मुलं पॉझिटिव्ह निघाली, त्यांतल्या बहुतेकांच्या आया निगेटिव्ह होत्या, आणि तपासात बोट गेलं ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सुया-सलाइनकडे. दुसरी शक्यता लिहायला जड जाते, पण लिहितो: मुलावर लैंगिक अत्याचार झालेला असू शकतो. मुलाला एकट्याला विश्वासात घेऊन, प्रशिक्षित माणसाकडून, याची चौकशी व्हायलाच हवी. घराची अब्रू म्हणून हे झाकलं, तर त्या मुलाला आपण पुन्हा त्याच हातांत सोपवतो.

संसर्गाची खरी चिंता बहुतेक वेळा उलट दिशेने करायला हवी. दादांपासून घराला जेवढा धोका, त्याहून घरातल्या खोकल्याचा दादांना अधिक. प्रतिकारशक्ती कमी असताना टीबी लवकर गाठतो, आणि एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंमागे जगभरात टीबी हेच सर्वांत मोठं कारण आहे. आई-बाबांपैकी कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तो आधी तपासा. दादांनाही प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम याबद्दल विचारलं जाईल, आणि टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या जातील. टीबी मात्र हवेतून पसरतो, आणि तो घरातल्या कुणालाही होऊ शकतो. एकाच खोलीत झोपण्याची भीती बाळगायचीच असेल, तर ती यासाठी बाळगा.

हे सगळं घरातल्या कुणाकुणाला सांगायचं, ते दादा ठरवतील. वहिनींना सांगणं टाळता येणार नाही, कारण त्यांचा जीव त्यात आहे. दादांना एकट्याला ते जमत नसेल, तर समुपदेशकाच्या समोर बसून सांगता येतं. आई-बाबांना, नातेवाइकांना सांगायलाच हवं असं वैद्यकीय कारण एकही नाही. तुमच्या पत्रावरून वाटतं की घरात सगळ्यांना कळलं आहे. तसं असेल तर हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा.

राहिली पुतणी. चार वर्षांच्या मुलीला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. बाबा रोज एक गोळी घेतात, एवढं तिला पुरेल. झोपण्याचं विचाराल, तर दादांना आधी विचारा की खोकला किती दिवसांचा आहे. असेल तर उद्या त्यांच्या बेडक्याची तपासणी करा आणि रिपोर्ट येईपर्यंत तिला वहिनींजवळ झोपवा. खोकला नसेल, तर तिची उशी आज रात्रीच बाबांच्या अंथरुणावर नेऊन ठेवा.